पाठ : गाणं नक्की कुणाचं? ('कांटा लगा' रिमिक्सच्या निमित्ताने)



आपल्या जिते-हमरापूर पट्ट्यात हळद असो की गणपतीची मिरवणूक, डीजे लागतोच. जुनी हिंदी गाणी, कोळीगीतं, आगरी गाणी सगळी एकाच ठेक्यावर वाजतात. आपण नाचतो आणि घरी येतो. पण ते गाणं मुळात कुणाचं? त्यावर ठेका चढवणाऱ्याने कुणाला विचारलं का? आज एका गाजलेल्या गाण्यावरून हे समजून घेऊ.

१) मूळ गाणं आणि रिमिक्स

१९७२ साली 'समाधी' हा हिंदी चित्रपट आला. त्यातलं एक गाणं मजरूह सुलतानपुरी यांनी लिहिलं, राहुल देव बर्मन यांनी संगीत दिलं आणि लता मंगेशकर यांनी गायलं. पडद्यावर आशा पारेख होत्या. तीस वर्षांनी, २००२ मध्ये, 'डीजे डॉल' या नावाने त्याचं रिमिक्स आलं : 'कांटा लगा'. टी-सीरिजने ते काढलं. व्हिडिओ राधिका राव आणि विनय सप्रू यांनी दिग्दर्शित केला आणि त्यात शेफाली जरीवाला नाचली. गाणं तुफान चाललं, आणि वादही तेवढाच पेटला.

२) वाद कशाचा होता?

दोन वाद होते, ते वेगवेगळे ठेवा.

पहिला वाद व्हिडिओचा. कपडे आणि हावभाव अश्लील आहेत, अशी टीका झाली. व्हिडिओ ठरवणारे आणि विकणारे दुसरेच होते, पण बोट दाखवलं गेलं ते जास्त करून त्या १९ वर्षांच्या मुलीकडे. २७ जून २०२५ रोजी तिचं निधन झालं, तेव्हाही बातम्यांत तिची ओळख 'कांटा लगा गर्ल' अशीच होती.

दुसरा वाद गाण्याचा. जुन्या गाण्यांची अशी मोडतोड लताबाईंना अजिबात पसंत नव्हती. त्यांनी ते वेळोवेळी उघडपणे सांगितलं. उलट बाजूने सांगितलं जायचं की रिमिक्समुळे नवी पिढी जुन्या गाण्यापर्यंत पोहोचते. हेही अगदीच खोटं नाही.

३) साच्यावरून समजून घेऊ

आपल्याकडे कारखान्यात गणपती कसा होतो? मूर्तिकार आधी मातीची मूळ मूर्ती घडवतो. तिच्यावरून साचा काढतात, साच्यातून अनेक मूर्ती निघतात, मग रंगकाम आणि शेवटी डोळ्यांची आखणी.

समजा, कुणी तुमच्या मूर्तीवरूनच परस्पर साचा काढला. हे झालं मूळ ध्वनिमुद्रणाचा तुकडा उचलून वापरणं. आणि समजा, कुणी तुमची मूर्ती समोर ठेवून स्वतःच्या हाताने तशीच दुसरी घडवली. हे झालं तेच गाणं दुसऱ्या गायकाकडून पुन्हा गाऊन घेणं. बऱ्याच रिमिक्सवाल्यांनी हा दुसरा रस्ता धरला. आता तुम्ही म्हणाल, "सर, हात त्याचे, मेहनत त्याची, मग बिघडलं कुठे?" मेहनत त्याची खरी, पण कल्पना तुमचीच ना!

४) कायदा काय सांगतो?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात या दुसऱ्या रस्त्याला वाट होती. पहिल्या ध्वनिमुद्रणाचं वर्ष संपून दोन वर्षं झाली, की सूचना आणि रॉयल्टी देऊन गाणं नव्याने मुद्रित करता येई. २०१२ च्या दुरुस्तीने ही मुदत पाच वर्षं केली आणि मूळ हक्कदाराच्या संमतीशिवाय गाण्यात बदल करायला मनाई केली. (तांत्रिक गरजेपुरता बदल चालतो.) त्याच दुरुस्तीने गायकांचा रॉयल्टीवरचा हक्कही पक्का झाला. म्हणजे आज 'कांटा लगा'सारखं रिमिक्स करायचं, तर आधी परवानगी हवी.

५) मग आपल्या धवल्याचं काय?

आगरी लग्नात धवलारीण धवले गाते, विधी सांगते. धवला कुणी रचला हे माहीत नसतं, तो आईकडून लेकीकडे आलेला. त्यामुळे त्याला बर्मन-मजरूहसारखा एक मालक नाही. पण गाणाऱ्या बाईचा आवाज तिचाच असतो! गाण्याच्या सादरीकरणावर गाणाऱ्याचा हक्क कायदा मानतो. मोबाइलवर धवला रेकॉर्ड करायचा, त्याला डीजेचा ठेका लावायचा, लाखो लोकांनी ऐकायचा आणि त्या आजीचं नावसुद्धा नाही, हे चालणार नाही. लताबाई बोलल्या की वर्तमानपत्रात छापून यायचं. आपल्या धवलारणीचं कोण छापणार?

स्वाध्याय

१) मूळ मुद्रणाचा तुकडा वापरणं आणि गाणं पुन्हा गाऊन घेणं, यातला फरक तुमच्या शब्दांत लिहा.
२) 'कांटा लगा'च्या वादात सगळा दोष नाचणाऱ्या मुलीला देणं योग्य होतं का? कारणं द्या.
३) 'रिमिक्समुळे जुनं गाणं जगतं' या विषयावर वर्गात दोन गट करून चर्चा करा.
४) उपक्रम : घरातल्या किंवा शेजारच्या आजीकडून एक धवला ऐका. आधी तिची परवानगी घ्या, मगच रेकॉर्ड करा. वहीत तिचं नाव, गाव आणि तिने तो कुणाकडून शिकला ते लिहा. ती नको म्हणाली, तर फक्त ऐकून या.