चौदावे कर्मादान आणि धान्याचा व्यापार

उपासकदशांग सूत्रात आनंद श्रावकाची कथा आहे. वाणिज्यग्रामचा हा धनाढ्य गृहस्थ. त्याच्या सुवर्णधनाचे तीन समान भाग होते : चार कोटी निधानात, चार कोटी व्यापारात व चार कोटी घरसंसारात. याच कथेत श्रावकाने वर्ज्य करावयाचे पंधरा व्यवसाय, म्हणजे कर्मादाने, सांगितली आहेत. कोळसा पाडणे, वन तोडणे, वणवा लावणे ही त्यांपैकी आपल्या परिचयाची आहेत. चौदाव्याकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. ते आहे ‘सर-द्रह-तडाग-शोषण’, म्हणजे सरोवरे, डोह व तळी आटविणे.

धान्याच्या व्यापाऱ्यास वाटेल की, हे कर्म आपल्या हातून घडत नाही. आपण केवळ पोते घेतो व पोते विकतो. या समजुतीची परीक्षा करणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जगाची सरासरी धरली तर एक किलो गहू पिकण्यास पावसाचे व सिंचनाचे मिळून सुमारे १६०० लिटर पाणी खर्ची पडते. म्हणजे एका क्विंटलमागे एक लाख साठ हजार लिटर. हे पाणी पावसाने दिलेले असेल, तर तो व्याजाचा खर्च होय. भूगर्भातून दरसाल भरून येते त्याहून अधिक उपसलेले असेल, तर तो निधानाचा खर्च होय. पोत्यावर मात्र दोहोंची खूण सारखीच असते.

आपल्या माळव्याचे निधान मुळातच लहान आहे. वरची काळी माती ओल दीर्घकाळ धरते. परंतु खाली बेसाल्टचा कठीण खडक असून पाणी साठते ते त्याच्या झिजलेल्या थरात व भेगांत. पूर्वी येथील पुष्कळ शेते पावसाळ्यात पड ठेवीत आणि मुरलेल्या ओलीवर कठिया गहू व हरभरा काढीत. १९७० नंतरच्या काळात सोयाबीन पसरले, कूपनलिका वाढल्या आणि भरघोस पिकणाऱ्या गव्हास चार-पाच पाणी देण्याची रीत पडली. उत्पन्न वाढले, ही सामान्य गोष्ट नव्हे. देशाची भूक त्यानेच भागली. तथापि याच प्रदेशातील देवास शहरास १९९० मध्ये पिण्याचे पाणी रेल्वेने आणावे लागले, हेही विसरून चालणार नाही.

पाणी गाळून पिण्याच्या आपल्या आचारात एक सूक्ष्म नियम आहे. गाळण्यावर राहिलेली जिवाणी ज्या विहिरीचे पाणी असेल त्याच विहिरीत परत सोडावयाची. अर्थात कोणते पाणी कोठले, याचे भान त्या आचारातच गृहीत आहे. धान्य घेतानाही हेच भान हवे.

उपाय कोणता? दहा हजार चौरस फुटांच्या गुदामाच्या छतावर ९०० मिलिमीटर पावसात सुमारे आठ लाख लिटर पाणी पडते. ते जमिनीत मुरविणे आपले कर्तव्यच आहे. पण हिशेब पाहता तेवढ्यात अवघा पाच क्विंटल गहू पिकेल. तेव्हा केवळ छताच्या पाण्याने ही फेड होणार नाही. खरी शक्ती आपल्या खरेदीत आहे. अल्प पाण्यावर येणारा शरबती, कठिया व हरभरा यांचा माल वेगळा ठेवावा, त्यात मिसळ करू नये आणि त्याच्या गुणाचा भाव शेतकऱ्याच्या हाती पोचू द्यावा. सीहोरच्या शरबतीस २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अशा गव्हास अधिक मोल देणारे ग्राहक आहेतच.

दुसरे असे की, देवास जिल्ह्यात २००६ पासून शेतकऱ्यांनी स्वतःच्या जमिनीचा तुकडा देऊन हजारो शेततळी खोदली आणि पावसाचे पाणी रब्बीसाठी राखले. अशा कामी व्यापाऱ्याने अल्प व्याजाने रक्कम दिल्यास ते तळी आटविण्याच्या नेमके उलट कर्म होईल.

आनंद श्रावकाने निधान वेगळे राखले होते. भूमीच्या निधानाची वही कोणी लिहीत नाही. म्हणून बंधूंनो, लिलावात बोली लावण्यापूर्वी, ‘या गव्हास पाणी किती दिले, आणि कोठले दिले?’ एवढे तरी शेतकऱ्यास विचारीत जावे.