न पाठविलेल्या मालाचे भाडे

वाहतुकीचा खर्च गणिताने कमी करता येतो, याविषयी माझ्या मनात तिळमात्र संशय नाही. अनेक कारखान्यांतून अनेक ठिकाणी माल कमीत कमी भाड्यात कसा धाडावा हा प्रश्न फ्रँक हिचकॉकने 1941 साली मांडला, आणि डँट्झिगच्या 1947 च्या सिम्प्लेक्स रीतीने असल्या प्रश्नांचा राजमार्ग खुला झाला. माझी तक्रार आहे ती हे गणित, म्हणजेच लिनियर प्रोग्रामिंग, काखेत मारून आमच्या कचेरीत अवतरलेल्या सल्लागार महाशयांविषयी.

आमचे पशुखाद्य सांगली व बारामती येथून निघून कोल्हापूर, सोलापूर, चिपळूण, सावंतवाडी इत्यादी वखारींत जाते. यंदा मागणी उत्पादनाहून अधिक होती. हुंडेकऱ्यांचे दर टनावारी मांडून महाशयांनी तक्ता सिद्ध केला, वरिष्ठांना भाड्यातील घसघशीत बचत दाखविली, आणि सावंतवाडीहून 'माल नाही' असे पत्र येताच 'अंमलबजावणीतील शैथिल्य' या सदराखाली लेखी खुलासा मागविण्यात आला तो माझ्याकडे!

बिल्ट्या त्या तक्त्याशी ताडून पाहत असता तळाची एक ओळ दृष्टीस पडली: कारखान्याच्या जागी 'इतर', भाडे शून्य, आणि सावंतवाडीच्या रकान्यात वीस टन. मागणी-पुरवठ्याचा मेळ बसविण्यासाठी पाठ्यपुस्तकांत एक काल्पनिक कारखाना उभा करून त्याचे भाडे शून्य धरतात, तोच हा. समजा, कोल्हापूरचे भाडे टनाला 600 रुपये आणि सावंतवाडीचे 1,400; तर वीस टनांची तूट कोल्हापूरच्या माथी मारल्यास 12,000 वाचतात, सावंतवाडीच्या माथी मारल्यास 28,000; मग स्वस्ताईखेरीज अन्य धर्म न जाणणारे गणित उपाशी कोणाला ठेवील? जी बचत म्हणून मिरवली गेली, ती न पाठविलेल्या मालाचे भाडे होती. मी कागद पुढे केला, तेव्हा त्याकडे न पाहताच महाशय उद्गारले, "उत्तर इष्टतमच आहे, साहेब."

असा तक्ता ज्यांच्या टेबलावर येईल, त्यांनी प्रथम ती शून्याची ओळ शोधावी, आणि शून्याच्या जागी बुडालेल्या विक्रीचे व दुरावलेल्या गिऱ्हाइकाचे नुकसान घालावे, किंवा प्रत्येक वखारीस किमान अमुक टन गेलेच पाहिजेत अशी अट घालावी. पोचलेल्या टनामागे सरासरी काढूनही भागत नाही, कारण महाग वखार वगळली की सरासरी आपोआप उतरते. प्रत्येक वखारीस पूर्वीइतकाच माल धरूनच जुन्या-नव्या खर्चाची तुलना करावी. गाडी अर्धी रिकामी गेली तरी भाडे पुऱ्या फेरीचे पडते, हेही टनावारी गणितास ठाऊक नसते.

आणि सल्लागाराचे मानधन बचतीच्या टक्केवारीने कदापि ठरवू नये. आमच्याकडे तसे ठरले होते. ते पूर्ण चुकते झाले असून माझा खुलासा मात्र अद्याप 'विचाराधीन' आहे.