दलाली : श्रमाचे मोल की विश्वासाचा सौदा?



आपल्या धर्मग्रामातील अनेक तरुण-तरुणी आज नोकरीऐवजी स्वतंत्रपणे कामे घेतात. कोणी लग्नाचे फोटो काढतो, कोणी घरी कॉम्प्युटरवर डिझाइन करते, कोणी वायरिंगची कामे घेतो. काम मिळते ते बहुधा ओळखीतून, आणि ओळख करून देणारा हळूच म्हणतो, "माझे दहा टक्के ठेव." हे पैसे द्यावेत का, असा प्रश्न आम्हाला अनेकदा विचारला जातो. त्यावर आज थोडा विचार करू या.

दलाली हे मुळातच पाप नव्हे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस ह्यांनी व्यापारातील नफ्याचा विचार केला. श्रमाचा मोबदला म्हणून घेतलेल्या नफ्यात त्यांना गैर दिसले नाही. मध्यस्थही श्रम करतो. तो गिऱ्हाईक शोधतो, आपली पत पणाला लावतो. कामकऱ्याला मजुरी मिळावी ही तर शुभवर्तमानाचीच शिकवण आहे (लूक १०:७).

मग पाप शिरते कुठे? तीन ठिकाणी.

१. लपवाछपवी. समजा, फोटोंचे काम २०,००० रुपयांचे आहे. फोटोग्राफरने स्वतःच्या कमाईतून मध्यस्थाला २,००० दिले, तर तो त्याचा खर्च झाला. परंतु वधूपित्याने ज्याला "चांगला माणूस सुचव" म्हणून विचारले, त्यानेच बिल २२,००० करायला लावून वरचे २,००० गुपचूप खिशात घातले, तर ती फसवणूक झाली. रक्कम तीच, पण एका ठिकाणी श्रमाचे मोल आहे आणि दुसऱ्या ठिकाणी विश्वासाची विक्री. कायदाही हा भेद जाणतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे, एजंटाने मालकाच्या नकळत त्याच्या कामात स्वतःसाठी व्यवहार करून लाभ मिळवला, तर तो लाभ मालक मागू शकतो.

२. सल्ल्याचा बाजार. काही व्यवसायांत समोरचा माणूस पूर्णपणे आपल्या शब्दावर विसंबतो. म्हणून रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन देण्या-घेण्यास डॉक्टरांना २००२ च्या आचारनियमांनी मनाई केली. रुग्णाला कुठे पाठवायचे हे त्याच्या आजाराने ठरावे, पाकिटाने नव्हे. हाच न्याय आपल्यालाही लागू आहे. चर्चच्या ऑफिसात लग्नाची नोंद करायला आलेल्या जोडप्याला कोणी मंडपवाल्याचे नाव सुचवले आणि मागून त्याच्याकडून पैसे घेतले, तर ते आम्हा धर्मगुरूंनाही शोभणारे नाही.

३. अडवणूक. नवख्या, गरजू मुलाकडून निम्मी मजुरी कापणे, किंवा गिऱ्हाइकाने पैसे देण्याआधीच आपला वाटा मागणे, हा अन्याय आहे. वेगळा करार नसेल, तर एजंटाचा मोबदला काम पूर्ण होईपर्यंत देय होत नाही, असे तोच कायदा सांगतो.

तेव्हा काम स्वीकारण्यापूर्वी चार गोष्टी ठरवाव्यात आणि कागदावर लिहाव्यात : टक्के किती, ते बिलावर की हातात आलेल्या रकमेवर, फक्त पहिल्या कामाचे की पुढच्या प्रत्येक कामाचे, आणि गिऱ्हाइकाला हे माहीत आहे का. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. जो व्यवहार गिऱ्हाइकासमोर मोठ्याने बोलता येत नाही, तो करू नये. ठरलेले पैसे मात्र वेळेवर द्यावेत. काम मिळाल्यावर मध्यस्थाला विसरणे हीदेखील चोरीच आहे.

"सगळेच घेतात, नाही म्हटले तर काम जाते," असे कोणी म्हणेल. खरे आहे, कधी कधी काम जाते. घरी हप्ते थकलेले असताना नकार देणे किती कठीण असते, हे आम्ही जाणतो. म्हणून ओझे एकट्या तरुणावर टाकू नये. ज्यांच्या ओळखी आहेत अशा आपण वडीलधाऱ्यांनी महिन्यातून एक तरी नाव काहीही न घेता सुचवावे. शेजारधर्म तो हाच.

चिंतनासाठी : कोणाचे नाव सुचवताना मी त्याचे काम पाहतो की माझा वाटा? मी कोणाचे ठरलेले पैसे थकवले आहेत का? ह्या आठवड्यात मी कोणाला विनामोबदला काम मिळवून देऊ शकेन?