रात्रीचा रियाज आणि एकुलता एक पोर्ट

भावगीतांच्या कार्यक्रमांत मी की-बोर्ड वाजवते. रियाजाला बसायला होतं ते रात्री साडेदहानंतर. डोंबिवलीचं दोन खोल्यांचं घर, आत सासूबाई झोपलेल्या, त्यामुळे हेडफोन हवेतच. बासरी, संतूर, तबल्याचा ठेका, सगळं आयपॅडमधून येतं आणि त्याला पोर्ट एकच, यूएसबी-सी. हेडफोनचा गोल जॅक आयपॅड प्रोमधून २०१८ साली गेला, साध्या आयपॅडमधून २०२२ साली. त्या एका पोर्टाशी जमवून घेताना जे शिकले ते सांगते.

१. ब्लूटूथ ऐकायला चांगलं, वाजवायला नाही.

सुरुवातीला मलाही वाटलं, वायरच नको. घरातले ब्लूटूथ हेडफोन लावले, तीनतालाचा ठेका सुरू केला आणि दहा मिनिटांत रडकुंडीला आले. हात समेवर पडतोय, सूर मागून येतोय. आधी वाटलं, आपलीच लय बिघडली. मग हिशेब मांडला. ब्लूटूथवर आवाज कानापर्यंत यायला १५० ते २०० मिलिसेकंद सहज जातात. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची आणि चौगुनीतला एक बोल १२५ मिलिसेकंदांचा. म्हणजे सूर कानात पडेपर्यंत चौगुनीतला अख्खा बोल निघून गेलेला असतो. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. त्या मापाने २०० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे स्वतःचाच की-बोर्ड जवळजवळ ७० मीटर लांबून ऐकणं. अशाने बोटांना पुढे पळायची सवय लागते आणि ती मोडायला महिने जातात. म्हणून हे कळकळीने सांगते, विद्यार्थ्यांना ब्लूटूथवर रियाज करू देऊ नका. नुसता तानपुरा लावून गायचं असेल तर मात्र खुशाल वापरा.

२. डोंगल सारखी दिसतात, आतून सारखी नसतात.

यूएसबी-सीमध्ये घालून गोल जॅक काढून देणारं पहिलं डोंगल मी रस्त्यावरच्या दुकानातून घेतलं. ते मुकंच निघालं. मी मात्र हेडफोन गेले असं समजून नवे आणले! स्वस्त डोंगलांपैकी काहींत नुसती तार असते. फोन स्वतः जॅकचा आवाज तयार करून देईल, या भरवशावर ती बनवलेली असतात. आयपॅडच्या पोर्टातून बाहेर पडतात ते फक्त आकडे. त्यांचा आवाज करणारी चिप, म्हणजे डॅक, डोंगलमध्येच असावी लागते. दुकानात तेवढं एक विचारा.

३. हेडफोन साउंड कार्डाला लावा, टॅब्लेटला नाही.

मला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट ही. माइकसाठी साउंड कार्ड आणलं. मग एक हब घेऊन त्यात कार्डही लावलं आणि डोंगलही. कधी माइक बंद, कधी हेडफोन बंद. आयपॅड साधारणपणे एका वेळी आवाजाचं एकच उपकरण धरतो, बहुतेक वेळा शेवटी जोडलेलं. डोंगलसुद्धा त्याच्या लेखी एक साउंड कार्डच. दोघांचं भांडण लावून देणारी मीच होते.

खऱ्या साउंड कार्डावर हेडफोनची जागा असतेच, फक्त ती बहुतेक वेळा मोठ्या, पाव इंची पिनेची असते. छोटी पीन मोठी करणारा कनेक्टर थोडक्या पैशांत मिळतो. मागे मिडीच्या गोल जागा असलेलं कार्ड मिळालं तर फारच छान. माझा जुना की-बोर्ड १९८३ सालापासून चालत आलेल्या मिडीच्या पाच पिनांच्या वायरीने थेट कार्डाला जोडलाय. माइक, की-बोर्ड, हेडफोन, तिन्ही कार्डावर आणि कार्डाची एक वायर आयपॅडला. एक पोर्ट पुरून उरला. ॲपमध्ये बफर १२८ ठेवला की, ४८,००० च्या सॅम्पल रेटला त्यापायी होणारा उशीर तीन मिलिसेकंदांच्याही आत येतो. बोटं आणि कान पुन्हा एकत्र नांदू लागतात.

कार्ड घेताना ते ‘क्लास कम्प्लायंट’, म्हणजे वेगळा ड्रायव्हर न टाकता चालणारं, असल्याची खात्री करा. संगणकावर टाकतो तसा ड्रायव्हर आयपॅडवर सहसा टाकता येत नाही.

४. विजेचा विचार आधी करा.

कंडेन्सर माइकला ४८ व्होल्ट लागतात. ते कार्ड देतं, पण कार्डाला वीज टॅब्लेटच्या त्याच पोर्टातून मिळते. एका दुपारी विद्यार्थिनीचं गाणं ध्वनिमुद्रित करताना अंतऱ्यावर सगळं बंद पडलं. ती बिचारी डोळे मिटून गातच राहिली. त्या दिवसापासून स्वतःचा चार्जर लागणारा हब वापरते. कार्डालाही वीज मिळते, आयपॅडही चार्ज होत राहतो.

५. हेडफोनमध्ये घरघर आली तर आधी चार्जर काढून बघा. माझ्याकडे दहापैकी नऊ वेळा तोच दोषी निघाला. शांत सूर ध्वनिमुद्रित करायचे असतील तेव्हा आयपॅड आधीच चार्ज करून ठेवते.

६. पोर्टाला वजन टांगू नका.

हब वायरीसकट लोंबत ठेवला की पोर्ट हळूहळू सैल होतो, आणि एकुलता एक पोर्ट गेला की रियाज थांबला. मी हब आयपॅडच्या स्टँडलाच वेल्क्रोच्या पट्टीने बांधलाय. हेडफोन कानाला लावण्याआधी कार्डावरचं बटण शून्यावर आणते. कानही एकदाच मिळालेत.

काल बारा वाजून गेले तरी मारव्याच्या कोमल रिषभावरच होते. सकाळी सासूबाईंनी चहा देताना विचारलं, “काय गं, काल बसली नाहीस का वाजवायला?”