समलिंगी माणूस, कायदा आणि आपले घर

(कौटुंबिक धम्मवर्गासाठी पाठ)



धम्मदीक्षा घेतल्यावर आपण घरातले देव्हारे काढले, नवससायास सोडले, लग्नाच्या रीती बदलल्या. पण जुन्या समाजाने मनात भरलेल्या साऱ्याच समजुती त्याबरोबर गेल्या असे नाही. काही समजुती अशा असतात की त्यांच्यावर आपण कधी बोललेलोच नसतो, म्हणून त्या तपासल्याही जात नाहीत. पुरुषाला पुरुषाविषयी किंवा स्त्रीला स्त्रीविषयी वाटणारे प्रेम आणि आकर्षण हा असाच एक विषय आहे. धम्मवर्गात कोणी हळूच विचारतो, "असे वागणे पाप आहे काय? हा रोग आहे काय? आपल्या घरात असे कोणी निघाले तर काय करावे?" प्रश्न खरे आहेत. त्यांना हसून किंवा रागावून उत्तर देता येणार नाही. म्हणून हा पाठ.

१. शब्दांचा नीट अर्थ

ज्याचे आकर्षण स्वतःच्याच लिंगाच्या व्यक्तीकडे असते त्याला समलिंगी म्हणतात. तृतीयपंथी ही वेगळी गोष्ट आहे. जन्मतः शरीरावरून ठरविलेले लिंग आणि मनाला जाणवणारे लिंग यांचा मेळ नसणे, हा त्यांचा प्रश्न असतो. समलिंगी पुरुष स्वतःला पुरुषच मानतो, समलिंगी स्त्री स्वतःला स्त्रीच मानते. तेव्हा या दोघांची सरमिसळ करू नये. तसेच मोठ्या माणसाने लहान मुलावर केलेला अत्याचार हा गुन्हा आहे, तो कोणीही आणि कोणावरही केलेला असो. त्याचा समलिंगी असण्याशी संबंध जोडणे चूक आहे.

हा रोग आहे काय? नाही. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ साली समलिंगी आकर्षण आजारांच्या यादीतून वगळले. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी तेच केले. जो आजारच नाही त्याला औषध कसले? तरीही 'बरे करून देतो' म्हणणारे वैद्य, बाबा आणि मांत्रिक आहेत. विजेचे झटके, गोळ्या, उपासतापास, अंगारा असे सर्व प्रकार चालत आले. भारताच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली असे 'उपचार' म्हणजे डॉक्टरचे व्यावसायिक गैरवर्तन होय, असे ठरविले आहे. त्याआधी २०२१ साली मद्रास उच्च न्यायालयाने त्यांवर बंदी घालण्याचे निर्देश दिले होते.

२. हा गुन्हा कोणी ठरविला?

पुष्कळ लोक म्हणतात की ही पाश्चात्त्यांची फॅशन आहे. इतिहास उलटे सांगतो. पाश्चात्त्यांकडून आला तो कायदा. इंग्लंडात आठव्या हेन्रीच्या काळी, १५३३ साली, अशा संबंधांना देहदंड सांगणारा कायदा झाला. पुढे मेकॉलेच्या मसुद्यावरून १८६० साली भारतीय दंडविधान तयार झाले आणि त्यात कलम ३७७ आले. 'निसर्गक्रमाविरुद्ध' संबंधाला जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद, अशी ती तरतूद होती. इंग्लंडने आपल्या देशात १९६७ साली प्रौढ पुरुषांमधील खाजगी संमतीचे संबंध गुन्ह्यातून काढले. आपल्याकडे मात्र इंग्रज गेले तरी त्यांचे कलम राहिले.

या कलमाखाली खटले फार होत नसत. पण त्याचा धाक मोठा होता. पोलिसाने उद्यानात धरावे, पैसे काढावेत, घरी कळविण्याची धमकी द्यावी, आणि माणसाने तक्रार करायची तर आधी स्वतःचाच गुन्हा कबूल करावा, अशी ती कोंडी होती.

३. १९३४ चा खटला

आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असलेली एक हकीकत येथे सांगितली पाहिजे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढले. संततिनियमन आणि लैंगिक आरोग्य यांवर ते उघडपणे लिहीत आणि वाचकांच्या शंकांना उत्तरे देत. त्या शंकांमध्ये समलिंगी संबंधांविषयीच्या शंकाही असत. अशा उत्तरांवरून १९३४ साली मुंबईत त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. त्या खटल्यात कर्व्यांच्या बाजूने उभे राहिलेले बॅरिस्टर म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यावरून लिखाण अश्लील ठरत नाही, आणि लोकांच्या मनात विकृती असेलच तर ती ज्ञानाने जाते, गप्प बसण्याने जात नाही, असा बाबासाहेबांच्या युक्तिवादाचा आशय होता. खटला हरला. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

या हकीकतीचा अर्थ ताणू नये. बाबासाहेबांनी समलिंगी हक्कांची चळवळ चालविली असे म्हणणे खरे होणार नाही. पण ज्या विषयावर बोलण्याचीही बंदी होती, त्या विषयावर माणसाला विचारण्याचा आणि जाणून घेण्याचा अधिकार आहे, हे त्यांनी न्यायासनासमोर उभे राहून मांडले. अस्पृश्यांच्या लढ्याचा भार अंगावर असताना त्यांनी हे वकीलपत्र घेतले. तेव्हा 'हा विषय आपल्या पत्रात कशाला?' असे म्हणणाऱ्याला हे उत्तर पुरेसे आहे.

४. संविधानाची नीती

संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना बाबासाहेबांनी संवैधानिक नीतीचा विचार मांडला. ही नीती माणसाला उपजत येत नाही, ती अंगी बाणवावी लागते आणि आपल्या लोकांना ती अजून शिकायची आहे, असा त्यांचा इशारा होता.

साठ वर्षांनी हाच विचार या प्रश्नात कामाला आला. नाझ फाउंडेशनच्या याचिकेवर २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा आणि न्यायमूर्ती मुरलीधर यांनी निकाल दिला. प्रौढांच्या संमतीच्या खाजगी संबंधांना कलम ३७७ लावता येणार नाही, असे त्यांनी ठरविले. बहुसंख्य लोकांना एखादी गोष्ट आवडत नाही एवढ्याने ती गुन्हा होत नाही. कसोटी लावायची ती संवैधानिक नीतीची, लोकांच्या आवडीनिवडीची नव्हे, असे सांगताना त्यांनी बाबासाहेबांच्या त्या भाषणाचा आधार घेतला.

पुढची वाट सरळ नव्हती. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरविला. रात्रीत लाखो माणसे पुन्हा कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार झाली. अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेज सिंग जोहर खटल्यात पाच न्यायमूर्तींनी एकमताने, प्रौढांचा संमतीचा संबंध हा गुन्हा नाही, असा निर्णय दिला. त्यांतही संवैधानिक नीती हाच मुख्य आधार होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात कलम ३७७ नाहीच.

मात्र सर्व मिळाले असे समजू नये. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्क देण्यास नकार दिला आणि ते काम संसदेचे आहे असे म्हटले. म्हणजे दोघे वीस वर्षे एकत्र राहिले तरी कायद्याने ते एकमेकांचे कोणी नव्हेत. एक वारला तर दुसऱ्याला वारसा आपोआप मिळत नाही, त्यासाठी मृत्युपत्र करावे लागते. २०२४ साली केंद्र सरकारने एवढे स्पष्ट केले की अशा जोडप्याला बँकेत संयुक्त खाते उघडण्यास किंवा एकमेकांचे नाव वारस-नोंदणीत घालण्यास बंदी नाही, आणि शिधापत्रिकेसाठी त्यांना एक कुटुंब धरावे.

५. एका मराठी प्राध्यापकाचा शेवट

कायदा बदलला तरी माणसे बदलली नाहीत तर काय होते, हे एका उदाहरणाने पाहू. नागपूरचे डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस हे अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवीत. ते कवी होते. दिल्लीच्या निकालाला सात-आठ महिनेच झाले होते. फेब्रुवारी २०१० मध्ये काही माणसे कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसली आणि त्यांचे एका पुरुषासोबतचे चित्रण केले. घुसणाऱ्यांऐवजी विद्यापीठाने निलंबित केले ते सिरसांना. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १ एप्रिलला निलंबनास स्थगिती दिली. सिरस खटला जिंकत होते. पण ७ एप्रिलला ते आपल्या भाड्याच्या खोलीत मृत आढळले.

न्यायालयाचा कागद हातात असूनही माणूस एकटा पडू शकतो. जातीच्या अपमानात आपण एक आधार अनुभवला आहे. शाळेत मुलाला हिणविले तर तो घरी येऊन आईजवळ रडत असे, कारण आईनेही तेच सोसलेले असे. सारी वस्ती त्याच्या बाजूची असे. समलिंगी मुलाचे तसे नसते. बाहेर त्याला हिणवितात आणि घरी तो सांगू शकत नाही, कारण हिणविणारे शब्द त्याने घरातही ऐकलेले असतात. त्याला वस्ती नाही. आणि तो आपल्या समाजातला असेल तर भार दुप्पट होतो. वस्तीत त्याला लपावे लागते आणि शहरात त्याच्यासारख्यांच्या मंडळीतही आडनाव विचारले जाते.

६. शीलाचा भंग होतो काय?

पंचशीलातील तिसरे शील कामेसु मिच्छाचारापासून विरत राहण्याचे आहे. मिच्छाचार म्हणजे काय? मज्झिम निकायातील सालेय्यक सुत्तात तो समजावून सांगताना आई, वडील, भाऊ, बहीण, नातलग यांच्या छत्राखाली असलेली स्त्री, विवाहित स्त्री, वाग्दत्त स्त्री अशी यादी येते. यादीचा रोख स्पष्ट आहे: दुसऱ्याचा विश्वास मोडून, फसवून, जबरीने सुख घेऊ नये. समलिंगी आकर्षणाचा त्या यादीत उल्लेख नाही.

विनयात 'पंडक' नावाच्या व्यक्तीस प्रव्रज्या देऊ नये असा नियम आहे, हे लपविण्याचे कारण नाही. पण तो संघप्रवेशाचा नियम आहे, उपासकाच्या शीलाचा नव्हे. शिवाय अट्ठकथेत पंडकाचे पाच प्रकार सांगितले आहेत आणि त्यांत खच्ची केलेला पुरुषही येतो. तेव्हा त्या शब्दाचा अर्थ आजचा समलिंगी असा सरळ करता येत नाही. भिक्षूला तर सर्वच मैथुन वर्ज्य आहे, स्त्रीशी असो वा पुरुषाशी.

आजच्या बौद्ध जगाकडे पाहा. तैवानमध्ये भिक्खुनी चाओ-ह्वेइ यांनी २०१२ साली दोन स्त्रियांचा विवाह बौद्ध पद्धतीने लावला. तेथे २०१९ साली असा विवाह कायदेशीर झाला. थायलंडमध्ये तो कायदा २३ जानेवारी २०२५ पासून लागू आहे.

म्हणून शीलाची कसोटी सर्वांना एकच. फसवणूक आहे काय? जबरी आहे काय? कोणाला दुःख दिले जाते काय? या कसोटीवर स्त्री-पुरुषाचा संबंधही नापास होऊ शकतो आणि दोन पुरुषांचा प्रामाणिक संसार उत्तीर्ण होऊ शकतो.

७. घरात काय करावे?

मुलाने किंवा मुलीने असे सांगितले तर पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्या.

एक: ऐकून घ्यावे. त्याने सांगितले याचा अर्थ त्याचा तुमच्यावर विश्वास आहे. त्या दिवशी तोडून टाकलेला शब्द पुन्हा जोडता येत नाही.

दोन: 'लग्न केले की सुधारेल' हा विचार सोडून द्यावा. त्याने तर सुधारत नाहीच, पण एका परक्या मुलीचे आयुष्य मात्र जाते. तिला कारण कळत नाही, दोष तिच्याच माथी येतो. पुरुषाशी संसार करण्याची इच्छा नसलेल्या मुलीचे लग्न लावणे हेही तसेच. मिच्छाचारातील फसवणूक खरी कोठे असेल तर ती येथे आहे, आणि तिचे भागीदार आईबाप होतात.

तीन: अंगारे, मांत्रिक, 'उपचार' करणारे डॉक्टर यांच्याकडे नेऊ नये. मूल खचलेले असेल तर जाणत्या समुपदेशकाकडे जावे. मुंबईत १९९४ पासून हमसफर ट्रस्ट आणि पुण्यात २००२ पासून समपथिक ट्रस्ट यांनी हे काम केले आहे. समपथिकचे बिंदुमाधव खिरे यांनी मराठीत या विषयावर पुस्तके लिहिली आहेत.

चार: शिक्षण थांबवू नये. स्वतःच्या पायावर उभा असलेला माणूस अपमानाला तोंड देऊ शकतो.

पाच: घरात आणि विहारात कुचेष्टेचे शब्द वापरू नयेत. ऐकणाऱ्यांत कोण बसले आहे हे आपल्याला ठाऊक नसते.

सर्व माणसे समान आहेत असे मी मानतो आणि समता स्थापन करण्याचा प्रयत्न करीन, अशा अर्थाच्या प्रतिज्ञा आपण घेतल्या आहेत. त्यांत 'माझ्या घरातले मूल सोडून' असा अपवाद घातलेला नाही.

वर्गात चर्चेसाठी प्रश्न

१) लोकांची आवड आणि संविधानाची नीती यांत फरक काय? अस्पृश्यतेच्या इतिहासातून एक उदाहरण द्या.
२) तिसऱ्या शीलाची कसोटी जबरीच्या लग्नाला लावून पाहा.
३) जातीने हिणविलेले मूल आणि समलिंगी मूल यांच्या दुःखात साम्य कोणते, भेद कोणता?
४) आपल्या विहारात असा तरुण निर्भयपणे बसू शकेल काय? नसेल तर प्रथम काय बदलावे?

सब्बे सत्ता सुखी होन्तु.