धग सोसणाऱ्याचा वाटा

हिवाळ्यात नंदुरबारच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडते. तिचे देठ खुडणाऱ्या भगिनींच्या बोटांची आग रात्री भाकरी थापतानाही शमत नाही. वाचकहो, आपल्यापैकी ज्यांचा व्यवसाय अशा हातांवर चालतो, त्यांनी सहीह बुखारीतील एक हदीस आठवावी. सेवकाने जेवण आणून दिले तर त्याला सोबत बसवावे, ते शक्य नसेल तर निदान एक-दोन घास त्याच्या हाती द्यावेत, कारण त्या अन्नाची धग त्याने सोसलेली असते, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले. या हदीसमध्ये दयेचा उल्लेख नाही, सोसलेल्या धगीचा आहे.

सूरह अल-कससमध्ये ह. मूसा (अ.) मदयनला पोहोचतात ते परके आणि निराश्रित होऊन. दोन बहिणींच्या जनावरांना ते काही न मागता पाणी पाजतात. वडील मात्र त्यांना बोलावून मोबदला देऊ करतात. त्यांना कामावर ठेवण्याची शिफारस करताना मुलगी दोनच गुण सांगते, बलवान आणि विश्वासू. वृद्ध पिता आठ वर्षांची मुदत ठरवतो, पुढची दोन वर्षे मूसांच्या मर्जीवर सोडतो आणि आपण तुम्हाला कष्टात टाकू इच्छित नाही, हे आपण होऊन सांगतो. मूसा या करारावर अल्लाहला साक्षी ठेवतात. (आपल्याकडे साक्षीला मुकादमाची वही असते, आणि ती मजुराला क्वचितच वाचता येते.)

आपला मजूर बहुधा भिल्ल वा पावरा समाजाचा; मग हे नियम त्यालाही लागू का, असे कोणी विचारतात. हिजरतच्या वेळी मक्केवाले मागावर असताना वाट दाखवण्यासाठी मजुरीवर घेतलेला अब्दुल्लाह बिन उरैकित हा कुरैशच्याच धर्माचा होता. प्रेषितांनी (स.) त्याच्या हाती आपल्या सांडण्या आणि सौर गुहेचे गुपित सोपवले. त्याने ते राखले.

ह. अनस (रजि.) यांनी प्रेषितांची (स.) दहा वर्षे सेवा केली, त्या काळात एकदाही ‘उफ्’ ऐकले नाही, असे ते सांगत. त्यांच्या संपत्तीत व संततीत बरकत व्हावी, अशी दुआ प्रेषितांनी (स.) स्वतः केली होती. आपण आपल्या कामगाराचे नाव घेऊन शेवटची दुआ कधी केली?

एक गोष्ट स्पष्ट सांगणे भाग आहे. मजुरी थकवून रमजानमध्ये त्याच मजुराला जकात देणारे मी पाहिले आहेत. ती रक्कम मजुरीत धरली तर जकात अदा होत नाही; जकातीत धरली तर मजुरी अंगावर तशीच राहते.