बारगिराचा पाहुणचार

प्रश्न : अर्जेंटिनात पाठपिशवी घेऊन हिंडताना एखाद्या 'एस्तान्सिया'वर, म्हणजे तेथील पशुपालनाच्या विस्तीर्ण वाडीवर, मुक्काम व घोडेस्वारी करण्याचा मानस आहे. काय ध्यानी ठेवावे?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : शिलेदार स्वतःच्या घोड्यानिशी चाकरीस येई आणि बारगिरास घोडा सरकारी पागेतून मिळे, हा मराठेशाहीतील भेद स्मरून, पाम्पाच्या कुरणांत आपण निखालस बारगीर आहोत असे मानावे, आपले कौशल्य तिळभरही न वाढवता सांगावे आणि मालक देईल तोच घोडा स्वीकारावा. तेथील गाउचो, म्हणजे घोडेस्वार गुराखी, लगाम एकाच हातात धरतात व तो मानेस टेकवून घोडा वळवतात. दोन्ही हातांनी ओढण्याची सवय असलेल्यास पहिला दिवस जड जातो. विम्याच्या करारात घोडेस्वारी वगळलेली नाही ना, तेवढे पाहावे.

निखाऱ्यांवर तासन्‌तास भाजलेले 'असादो' हे मांस नान-खलियावर पोसलेल्या आपल्या संभाजीनगरकरास परके वाटणार नाही; शाकाहाऱ्याने मात्र आगाऊ वर्दी द्यावी. 'माते' या कडवट पेयाचे एकच पात्र सर्वांत फिरते. त्यातील नळी ढवळू नये आणि 'ग्रासियास' म्हणजे 'पुरे' असा तेथील दस्तूर असल्याने, तृप्ती होईपर्यंत आभार मानू नयेत. अतिसौजन्यापायी पहिल्याच घोटानंतर आभार मानून मी स्वतः त्या मैफलीत कोरडा बसलो होतो.